आण्णा डायलिसिसवर आहेत आणि दर वेळी "पांडुरंगाची कृपा" म्हणतात, मला का जमत नाही?

फलटणची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, वय ६४. दोन वर्षं झाली दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस, मंगळवार गुरुवार शनिवार, एका वेळेला चार तास, जाणंयेणं आणि नंबर लागणं धरून अख्खा दिवस जातो. मी पुण्यात नोकरी करते, वर्क फ्रॉम होम मागून घेतलंय आणि महिन्यातले वीस दिवस इथंच असते. नवरा समजूतदार आहे पण तो तरी किती दिवस समजून घेणार.

तर आण्णा माळकरी. एकवीस वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चाललेत, कोविडची दोन वर्षं सोडली तर खंड नाही, तेव्हा काय पादुकाच एसटीनं गेल्या. यंदा पालखी फलटणला आली तेव्हा रस्त्याकडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी हात जोडले, त्यांच्या दिंडीतले लोक येऊन पाया पडून गेले, एकानं टाळ हातात दिले तर दोन मिनिटं वाजवून परत दिले, डाव्या हाताला फिश्चुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर) आहे ना, जोर नको म्हणून.

आणि दर डायलिसिसला, सुया काढून सिस्टर गॉजचा बोळा दाबून धरते त्या वेळी ते म्हणतात, "पांडुरंगाची कृपा." दर वेळी. मागच्या महिन्यात मशीनवर असताना बीपी पडलं, पायात गोळे आले, मोठ्यानं ओरडत होते, मी बाहेरून ऐकतेय, सलाईन सोडलं, पाय चोळले, अर्ध्या तासानं शांत झाले आणि निघताना परत तेच, पांडुरंगाची कृपा. मला त्या वेळी इतका राग आला की गाडीत बसेपर्यंत त्यांच्याशी बोललेच नाही. कसली कृपा?

आईचं वेगळंच. ती रोज सकाळी अंघोळ करून आली की आधी आण्णांच्या हातावर बोटं ठेवते. डॉक्टरांनी सांगितलंय रोज बघायचं, फिश्चुला चालू असला की तिथं थरथर लागते, मांजर मांडीवर बसून गुरगुरतं ना तशी. लागली की "विठ्ठल विठ्ठल" म्हणते आणि मगच देवघरात जाते.

मैत्रिणीनं मला एक वही दिली, झोपताना रोज तीन गोष्टी लिहायच्या ज्याबद्दल आभार वाटतात. पहिल्या दिवशी लिहिलं सुई एकदाच टोचावी लागली. दुसऱ्या दिवशी, रिक्षावाल्यानं परतीचे पैसे घेतले नाहीत. चौथ्या दिवशी कायपण लिहायला लागले, आज ऊन कमी होतं वगैरे, शाळेत गृहपाठ भरायचो तसं. बंद केलं.

वर नातेवाईक. "देवाचे आभार मान गं, दुसऱ्यांचं बघ किती वाईट असतं." दुसऱ्याचं वाईट आहे म्हणून मी देवाला थँक यू म्हणायचं, हे मला कळतच नाही.

देवावर विश्वास नाही असं नाही, आहे, नाहीतर राग तरी कुणावर आला असता. पण कठीण काळात आभार मानायचे म्हणजे नक्की करायचं काय? मनात नसताना तोंडानं म्हणायचं? आणि आण्णांना खरंच तसं वाटतं का आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणतात?

(जाता जाता, परवा एकादशीवरून मोठं भांडण झालं, त्यांना उपास धरायचाच होता आणि मी शेंगदाण्याची वाटी हिसकावून घेतली. नंतर रडले.)

श्रद्धा_सबुरी_७७

ताई हे सगळं पूर्वकर्म असतं, भोगूनच संपवायचं. तक्रार केली की भोग वाढतो, आभार मानले की कमी होतो, हा नियमच आहे. रोज ११ माळा जप करा, निगेटिव्ह बोलू नका, औषधं आपोआप कमी होतील. आमच्याकडे एक उपाय आहे, मेसेज करा.

उगाच_शहाणा

साहेब, बाईंनी विचारलंय काय आणि तुम्ही देताय काय. किडनी गेलेल्या माणसाच्या औषधाशी खेळ करायला सांगू नका, आणि मेसेज बिसेज काही करू नका हो ताई.

माझं म्हणाल तर मी देवबिव मानत नाही. पण माझ्या आईला पॅरालिसिस झाला तेव्हा तीन वर्षं मी एकट्यानं केलं, त्यावरून सांगतो, तुम्हाला कृतज्ञता कमी पडत नाहीये, झोप कमी पडतेय. आठवड्यातला एक दिवस कुणाच्या तरी गळ्यात घाला, भाऊ चुलतभाऊ कुणीही, त्यांच्या दिंडीतले लोक पाया पडायला येतात तर एक शनिवार सोबतीला पण येतील, विचारून तर बघा. आण्णांना म्हणायचं ते म्हणू दे. तुमच्यावर सक्ती नाही. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, कार्ड काढलं असेलच.

इंद्रायणीकाठ

पोरी, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी देहूच्या जवळचा, वय ६६, वारी बघतबघतच मोठा झालो, पण मी काही मोठा कीर्तनकार नाही, जे ऐकलं वाचलं ते सांगतो.

"देवाचे आभार मान" म्हणणारे सगळे शेवटी तुकोबांवर येऊन टेकतात. "बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली." बघ, तुकोबांनी सुद्धा दुष्काळाचे आभार मानले, मग तू कोण लागून गेलीस, असा एकंदर सूर असतो. आता तो दुष्काळ म्हणजे १६३० च्या सुमाराचा, नुसता पाऊस कमी झाला असं नाही, दख्खनभर माणसं रस्त्यावर मेली. तुकोबांचं दुकान बुडालं, गुरं गेली, थोरली बायको अन्न अन्न करत गेली. हे मी पदरचं सांगत नाही, त्यांनी स्वतः दुसऱ्या अभंगात लिहून ठेवलंय, "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली," आणि पुढच्याच ओळीत म्हणतात लाज वाटली, त्रासलो या दुःखाने. म्हणजे आधी हे. बरे झाले हे नंतरचं. मधे किती महिने, किती वर्षं गेली कुणास ठाऊक.

आणि तो बरे झाले वाला अभंग नीट बघितलास तर ती तुझ्या वहीसारखी यादीच आहे, फक्त उलटी. दिवाळं, दुष्काळ, लोकांत अपमान, धन गेलं, ढोरं गेली. एकेक जखम नाव घेऊन मोजलीय, काही झाकलेलं नाही. (त्यात बायकोला कर्कशा म्हटलंय ते मला आजवर पटलेलं नाही, घरात दाणा नसताना पोरं तीच सांभाळत होती, पण असो.) आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते "बरे झाले" तुकोबांनी स्वतःच्या दिवाळ्याला म्हटलंय. शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून त्याचं दिवाळं बरं झालं असं सांगत नव्हते. तुझ्या नातेवाइकांचा घोटाळा हाच झालाय. हा अभंग ज्याचा त्यानं म्हणायचा असतो, दुसऱ्याच्या अंगावर फेकायचा नसतो.

तुला राग येतो म्हणतेस. अगं मग तू आपल्याच वाटेवर आहेस. "माझे लेखी देव मेला" असं म्हणणारे पण तुकोबाच, आणि जनाबाईनं तर विठोबाला विठ्या म्हणून अशा शिव्या दिल्यात की इथं टाईप केल्या तर ॲडमिन मला काढून टाकतील. त्यांना कुणी नास्तिक म्हटलं नाही. जिथं हक्कानं भांडता येतं तिथंच उपकार आठवतात, परक्या माणसाला आपण फार फार तर धन्यवाद म्हणतो.

एक घरातली गोष्ट सांगतो. ७२ च्या दुष्काळात मी १३-१४ वर्षांचा, आई-वडील दोघं खडी फोडायला जायचे, आम्हा पोरांना सुकडी मिळायची आणि घरात ती मिलो ज्वारी, लालसर, भाकरी खाल्ली की पोट दुखायचं. बैल विकले होते. नंतर ७३ ला पाऊस सुरू झाला, बेंदूर, बैलांचा सण, आला, आणि दावणीला बैल नाहीत, रान भिजलंय आणि पेरायचं कशानं. आईनं नेहमीसारखे मातीचे बैल करून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि त्यांना त्या मिलोच्या पिठाचीच गोड पोळी करून नैवेद्य दाखवला, गूळ कुठनं उसना आणला होता देव जाणे. वडील भिंतीकडं तोंड करून बसले, पाटाकडं बघितलंसुद्धा नाही, म्हणाले नसलेल्या बैलांची कसली पूजा. आईनं एका शब्दानं म्हटलं नाही की तुम्ही पण हात जोडा. पोळीचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला तेवढंच. त्यांनी खाल्ला.

वडलांना पुढं दोन वर्षांनी बैलजोडी घेता आली, तेव्हाही त्यांनी काही देवाला नवस बिवस फेडला नाही, पण बेंदराला बैलांची शिंगं मात्र स्वतः घासायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

घरात सगळ्यांनी एकाच दिवशी एकाच तोंडानं आभार मानायचे असं कुठं असतं गं. तुझी आई बोटं ठेवते, आण्णा म्हणतात, तू गाडी काढतेस.

वसईवाली

मी ख्रिस्ती आहे, वसईची, तुमच्या पंढरीबद्दल मला फारसं कळत नाही पण प्रश्न अगदी आमच्या घरातला वाटला म्हणून लिहिते.

माझी मम्मी ब्रेस्ट कॅन्सरनं गेली, चार वर्षं झाली. आजारपणात घरी प्रार्थनेला लोक यायचे आणि बायबलमधलं एक वाक्य हमखास म्हणायचे, संत पौलाचं, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." केमोनंतर केस गळून उशीवर पडलेत आणि आलेली बाई सांगतेय उपकारस्तुती कर. मी किचनमध्ये जाऊन भांडी आपटायचे.

मग आमच्या पॅरिशच्या फादरांना एकदा चिडून विचारलं. ते म्हणाले नीट वाच, सर्व स्थिती"त" लिहिलंय, सर्व स्थिती"बद्दल" नाही. कॅन्सरबद्दल आभार मान असं कुणीच सांगितलेलं नाही. एवढासाच फरक, पण माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं गेलं खरंच. आणि म्हणाले बायबलमधली स्तोत्रसंहिता उघड, अर्ध्या लोकांना वाटतं त्यात नुसती स्तुतीच आहे, पण रडगाणी किती आहेत बघ. बाविसावं स्तोत्र सुरूच होतं "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असं, आणि तेच येशूनं क्रुसावर म्हटलं.

अजून एक, आम्ही मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो त्याचं मूळचं जे ग्रीक नाव आहे युखारिस्त, त्याचा अर्थच मुळी उपकारस्तुती. आणि येशूनं शेवटच्या जेवणात ती पहिली भाकर कधी मोडली, तर त्याला पकडून नेलं त्याच रात्री. मला हे लहानपणापासून माहीत होतं पण मम्मीच्या खाटेशी बसेपर्यंत त्यातली रात्र कधी डोक्यात शिरली नव्हती.

तरी मला शेवटपर्यंत तोंडानं म्हणता आलं नाही, खोटं कशाला सांगू. मम्मी म्हणायची, मी तिचा हात धरून शेवटी आमेन तेवढं म्हणायचे. दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हटलेलं पण चालतं.

आणि @श्रद्धा_सबुरी_७७, आमच्याकडे पण असे होते, तेल लावा बरं होईल म्हणणारे. कृपया नका करू असं.

श्रद्धा_सबुरी_७७

मी चांगल्या भावनेनं लिहिलं होतं. ज्याची त्याची श्रद्धा.

उगाच_शहाणा

भावना चांगली असेल हो, औषधं कमी होतील हे वाक्य मागे घ्या म्हणजे झालं.

कोरडवाहू_किडनी

नावावर हसू नका, दिवसाला पाऊण लिटर पाण्यावर जगतो म्हणून ठेवलंय. मी स्वतः सहा वर्षं मशीनवर आहे, वय ४१, बाकीचे सगळे बाहेरून बोलले, मी आतून सांगतो.

आधी एकादशी. ताई तुम्ही वाटी हिसकावलीत ते बरोबर केलंत, रीत चुकली असेल. आपला उपासाचा सगळा फराळ म्हणजे पोटॅशियमचं गोदाम आहे, बटाटा रताळं शेंगदाणे केळं खजूर आणि वर नारळपाणी. पोटॅशियम वाढलं की हृदयच बंद पडू शकतं, आणि तुमचा शनिवार ते मंगळवार गॅप मोठा असतो, त्यात एकादशी आली तर जास्तच जपायचं. मी डायटिशियनला महिन्याचा रिपोर्ट दाखवून विचारलं, त्यांनी मला मोजून वरईचा भात आणि थोडं तूप चालेल म्हणून सांगितलं. हे माझ्या रिपोर्टवरून आहे, आण्णांचं तुम्ही तुमच्या डायटिशियनला विचारा, स्वतःच्या मनानं काही करू नका. पण विचारा मात्र नक्की, कारण सरळ "उपास बंद" म्हटलं की माळकरी माणसाचं अजून एक काहीतरी हातातनं गेलं असं होतं. वारी गेली, टाळ गेले, आता एकादशी पण.

आता ते कृपा वालं. चार तास तुम्ही छताकडं बघत पडलेले असता आणि तुमचं रक्त बाहेर फिरत असतं, नळीत दिसतं, नळीला हात लावला तर गरम लागते. पहिलं वर्षभर मी नळीकडं बघायचोच नाही. देवाला शिव्या घालायचो, बायकोला घालायचो, ती ऐकून घ्यायची, देव पण. मग एक दिवस मशीन मधेच बंद पडली, अलार्म वाजायला लागला, लाईट गेलेली, आणि तिथली टेक्निशियन पोरगी, असेल तेवीस चोवीसची, हातानं हँडल फिरवून माझं रक्त परत आत घालत होती, घामाघूम झाली होती, आणि मला म्हणते काका घाबरू नका. काका! मी तेव्हा ३७ चा.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की वर्षभर ती माझ्या हाताला सुया लावतेय आणि मला तिचं नावसुद्धा माहीत नाही. नाव विचारलं. तेव्हापासून माझी जी काही कृतज्ञता आहे ती एवढीच, की मशीनवर असणाऱ्या प्रत्येकाचं नाव मला माहीत आहे आणि झाडणाऱ्या मावशींच्या पोराची दहावी कधी आहे ते पण. देवाचं म्हणाल तर आमचं बोलणं सुरू आहे, बरं चाललंय, मधनंअधनं खटके उडतात.

आण्णा आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणतात का, असं विचारलंत ना. थोडं तसं पण असणार. पेशंटला घरच्यांची तोंडं दिसतात हो. पण तेवढंच असतं तर रोज रोज म्हणणं होत नाही, अभिनय करायला पण ताकद लागते आणि डायलिसिसनंतर ती शून्य असते. तुम्ही आम्हाला विचारण्यापेक्षा त्यांनाच विचारा की.

फलटणची_लेक

सगळ्यांचे खूप... बघा, इथं आभार लगेच टाईप होतात. :)

काका, तुमच्या आईची ती मिलोची पोळी डोक्यातनं जात नाहीये. वसईच्या ताई, "स्थितीत" आणि "स्थितीबद्दल" मी आईला सांगितलं, ती म्हणाली मला हे आधीपासनंच माहीत आहे, तुम्हा शिकलेल्यांना फोड करून सांगावं लागतं. शहाणा दादा, दिंडीतल्या एका मामांना फोन केला, ते या शनिवारी येतो म्हणालेत, उलट विचारलं इतके दिवस का नाही सांगितलं. आणि किडनीवाले दादा, डायटिशियनची वेळ घेतलीय. आमच्या सिस्टरचं नाव मला माहीत नव्हतं. आण्णांना होतं.

विचारलं मी त्यांना. गुरुवारी परत येताना गाडीत, सरळच विचारलं, आण्णा तुम्ही दर वेळी कृपा म्हणता ते खरंच वाटतं का? ते खिडकीतनं बघत होते, उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. म्हणाले, "अगं सुया निघाल्या की म्हणतो ना मी? टोचताना कधी ऐकलंस का?"

मी गप्पच झाले. दोन वर्षं मी हे बघतेय आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं की टोचताना ते काहीच म्हणत नाहीत, दात आवळून पडलेले असतात.

मग मी विचारलं, आणि राग येत नाही का कधी त्याचा? तर म्हणाले, "येतो की. रात्री घालतो शिव्या, तुम्ही झोपल्यावर. दिवसा तुझी आई ऐकते."

आज सकाळी आईला ताप होता म्हणून ती उठली नाही, तर हात बघायचं काम माझ्याकडं आलं. मी खरं तर कधीच बोटं ठेवली नव्हती, मला भीती वाटायची, दोन वर्षांत ती शीर इतकी फुगलीय. ठेवली. आधी काही लागेना, माझ्याच छातीत धडधडायला लागलं, मग आण्णांनी माझी बोटं धरून जरा वर सरकवली आणि लागली थरथर, चांगली जोरात.

"लागतंय का?"

"लागतंय."

"मग म्हण की."

म्हटलं तुम्हीच म्हणा, मी आईच्या पेजेचं बघते. पण उठायला जरा वेळ लागला मला, बोटं तशीच ठेवून बसले होते, आणि चहा उतू गेला.